सुदाब, पांढरे उंदीर आणि सातवी अट

कोकणात आणि देशावरही कित्येक घरांच्या परसात सतापाचे एखादे झुडूप असते. निळसर हिरवी बारीक पाने, पिवळी फुले आणि हात लागला तरी बोटांना बराच वेळ चिकटून राहणारा उग्र वास. लहान मुलाला आकडी आली, छातीत कफ दाटला की घरातल्या वडीलधाऱ्या बायका सतापाकडे वळतात. हे झाड मूळचे आपल्या मातीतले नव्हे. ते भूमध्य समुद्राच्या काठचे. अरबी-फारसीत त्याला 'सुदाब' किंवा 'सदाब' म्हणतात. हे दोन्ही उच्चार कानावर पडले की आपल्या 'सताप' शब्दाची नाती कोणाशी आहेत ते वेगळे सांगावे लागत नाही.

मुलांच्या खोकल्यासाठी अंगणात ठेवलेल्या या झाडाची युनानी ग्रंथांत आणखी एक ओळख आहे. ती घरात मोठ्याने बोलली जात नाही. सुदाब पुरुषाचे वीर्य सुकवतो, स्त्रीचा विटाळ आणतो आणि राहिलेला गर्भ पाडतो, असे हकिमांनी लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हीच गोष्ट प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांवर तपासून पाहण्यात आली. त्या तपासणीचा इतिहास सांगावा म्हणून हा लेख.

तो सांगण्याला कारण आहे. संततिनियमन आणि मुसलमान हा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर असा की इस्लामला ही गोष्ट मुळातच मान्य नाही, मुसलमानांनी ती कधी केली नाही आणि करणारही नाहीत. गंमत म्हणजे हे आपल्यावर टीका करणारेही म्हणतात आणि आपल्यातले काही वाइजही म्हणतात. दुसरा सूर अभिमानाचा. आमच्या हकिमांनी हजार वर्षांपूर्वीच सगळे शोधून ठेवले होते, आजचे शास्त्रज्ञ फक्त त्यावर शिक्का मारतात. पहिल्या सुराला आकडेच उत्तर देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये भारतातल्या मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये ती २.३६ झाली. दुसऱ्या सुराला उत्तर द्यायचे तर मात्र ग्रंथही उघडावे लागतात आणि प्रयोगशाळेचे दारही.

आधी ग्रंथ. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात सुदाब आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बासिल याने त्याचे अरबी भाषांतर केले आणि हुनैन इब्न इसहाक याने ते तपासून दुरुस्त केले. हुनैन हा ख्रिस्ती होता. तेव्हा 'आमचे ग्रंथ' म्हणताना त्या 'आमचे'मध्ये ग्रीक मूर्तिपूजक, बगदादचे ख्रिस्ती, इराणी आणि अरब असे सगळेच येतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. पुढे राझी (मृत्यू ९२५) आणि इब्न सिना (९८० ते १०३७) यांनी ही माहिती वाढवली. इब्न सिनाच्या 'कानून'मध्ये गर्भ रोखण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकात गुलाम हसनैन कंतूरी यांनी 'कानून'चा उर्दू तर्जुमा केला आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने तो छापला, त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या हकिमांना तो सहज वाचता आला.

त्या प्रकरणाच्या सुरुवातीला इब्न सिना जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वैद्याला गर्भ रोखण्याची गरज केव्हा पडते? जिला बाळंतपणात मृत्यूचे भय आहे अशी कोवळ्या वयाची मुलगी, जिच्या गर्भाशयात दोष आहे ती, जिचे मूत्राशय दुबळे आहे ती. देशाची लोकसंख्या, कौमची ताकद, नवऱ्याची इच्छा यातले काहीही तिथे नाही. समोर एक बाई आहे आणि तिचा जीव वाचवायचा आहे, एवढेच.

त्यानंतर उपाय येतात. मिरी, कोबीचे बी, डाळिंबाचा गर, कतरान म्हणजे झाडापासून काढलेले डांबर. आणि त्यांच्याच शेजारी हेही लिहिले आहे की संबंधानंतर बाईने उठून मागच्या मागे उड्या माराव्यात, म्हणजे बीज बाहेर पडेल. वाचताना हसू येते. पण मिरी, डाळिंब आणि उड्या एकाच पानावर आहेत, हे विसरून चालत नाही. त्यातले डाळिंब तेवढे उचलून 'पाहा, आमच्याकडे होते' म्हणायचे आणि उड्यांवर बोट ठेवून झाकायचे, याला अभ्यास म्हणत नाहीत.

धर्मशास्त्राची बाजू त्या काळी याहून मोकळी होती. पैगंबरसाहेबांच्या हयातीत सहाबा 'अज्ल' करीत, म्हणजे वीर्य बाहेर टाकीत, आणि कुरआन उतरत असतानाही त्याला मनाई झाली नाही, अशी हजरत जाबिर यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या'मध्ये अज्लला जायज ठरवले. बायकोचे रूप टिकावे किंवा जास्त मुलांमुळे ओढाताण होऊ नये, ही कारणेही त्यांनी चालवून घेतली. मुलगी होईल या भीतीने केलेला अज्ल मात्र त्यांना नापसंत होता. आणि त्यांनी एक रेघ स्पष्ट ओढली: अज्ल ही एक गोष्ट, गर्भ पाडणे ही दुसरी, कारण दुसऱ्या गोष्टीत अस्तित्वात आलेल्या जिवावर हात पडतो. पुढच्या फकीहांत या रेघेच्या जागेवरून खूप चर्चा झाली. अनेक हनफी उलेमांनी रूह फुंकली जाण्याची १२० दिवसांची मुदत धरून, सबळ कारण असेल तर त्याआधी सूट दिली, तर इतरांनी ४० दिवसांनंतर किंवा पहिल्या दिवसापासूनच हात आखडला.

ही रेघ लक्षात ठेवूनच युनानी परिभाषा पाहावी. गर्भ राहू न देणारे औषध ते 'मानेअ-ए-हमल'. राहिलेला गर्भ पाडणारे ते 'मुस्कित-ए-हमल'. आणि या दोघांच्या मधे एक सोयीचा शब्द आहे, 'मुदिर्र-ए-हैज', म्हणजे विटाळ आणणारे. पाळी का चुकली हे त्या शब्दाला विचारावे लागत नाही. अशक्तपणाने चुकली असेल, दिवस गेले म्हणूनही चुकली असेल. दाईने पुडी दिली, पाळी आली, पुढे कोणी काही विचारले नाही. पिढ्यान्‌पिढ्या किती बायकांची अब्रू आणि किती बायकांचा जीव या एका शब्दाच्या आडोशाला उभा राहिला असेल याची मोजदाद नाही. ग्रंथ पुरुषांनी लिहिले आणि पुड्या बायकांनी बांधल्या. सुदाबची खरी जागा या 'मुदिर्र' औषधांत आहे. तो गर्भ रोखतो, पाडतो की नुसती पाळी आणतो, हे या वर्गवारीवरून कळत नाही. प्रयोगशाळेत नेमके हेच उलगडायचे होते.

पण प्रयोगशाळेत जाण्याआधी 'कानून'च्याच दुसऱ्या खंडात थोडे थांबले पाहिजे. आमच्या शाळांत इब्न सिनाचे नाव मुलांकडून घोकून घेतले जाते, जन्मसालासकट. त्याने औषध पारखण्यासाठी ज्या सात अटी घातल्या त्या मात्र कोणी शिकवत नाही. औषध शुद्ध असावे, त्यात बाहेरून आलेला गुण मिसळलेला नसावा. ते साध्या, एकेरी रोगावर वापरून पाहावे, गुंतागुंतीच्या नव्हे. परस्परविरुद्ध प्रकृतीच्या दोन रोगांवर पाहावे. त्याची ताकद रोगाच्या ताकदीशी जुळती असावी. परिणाम किती वेळाने दिसला ते टिपावे. तो परिणाम सतत किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे, नाहीतर तो योगायोग समजावा. आणि सातवी अट: प्रयोग माणसाच्या शरीरावर व्हावा, कारण सिंहावर किंवा घोड्यावर केलेली परीक्षा माणसाबद्दल काही सिद्ध करीलच असे नाही. तेच औषध माणसाच्या मानाने उष्ण आणि सिंहाच्या मानाने थंड ठरू शकते, असे कारण तो देतो. उष्ण-थंडाची भाषा आज मागे पडली, पण शंका मागे पडलेली नाही. जनावरांवर प्रयोग त्याही काळी होतच होते. राझीने आपल्या घरातल्या माकडाला पारा पाजून काय होते ते पाहिले होते आणि ते माकड पोट धरून कसे विव्हळले ते लिहूनही ठेवले.

आपल्या देशात युनानी वनस्पती आधुनिक प्रयोगशाळेत नेण्याची खटपट हकीम अजमल खान यांनी केली. त्यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून एक क्षारद्रव्य वेगळे काढले आणि चार वर्षांपूर्वी वारलेल्या हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' असे नाव दिले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली ती अवधच्या नवाबांच्या छत्तर मंझिल महालात. ज्या महालात हकिमांच्या नुस्ख्यांवर बेगमांची औषधे तयार होत असतील तिथे काचेच्या नळ्या आल्या. १९६० च्या दशकापासून या संस्थेने देशातल्या वनस्पतींचे अर्क एकेक करून तपासायला घेतले, आणि तपासणीच्या यादीत गर्भनिरोधाचा रकाना होता. १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनेही याच कामासाठी वेगळा कार्यक्रम काढला. त्या काळी लोकसंख्येची भीती साऱ्या जगभर पसरली होती आणि पैसा त्या भीतीतून येत होता. इब्न सिनाने ज्या मुलीपासून सुरुवात केली होती ती या हिशेबात कुठे दिसत नाही. आपल्याकडे १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीच्या सक्तीने या विषयाला जो कडू वास लागला तो अजून गेलेला नाही.

आता प्रयोग कसा चालतो ते पाहू. पांढऱ्या उंदराची मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते आणि तिचे गरोदरपण २१-२२ दिवसांत आटोपते. निसर्गाने घाईने केलेला हा प्राणी प्रयोगशाळेला म्हणून तर परवडतो. संध्याकाळी मादीजवळ नर सोडतात. सकाळी तिच्या योनीतला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, शुक्रजंतू दिसले की तो पहिला दिवस. मग ठरलेल्या दिवसांत रोज वनस्पतीची पूड किंवा अर्क नळीने थेट जठरात सोडतात. काही माद्यांना नुसते पाणी. उंदरात गर्भ पाचव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो. दहाव्या दिवशी मादीला गुंगी देऊन पोट उघडतात. उंदरीच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात आणि त्यांवर गर्भ माळेतल्या मण्यांसारखे दिसतात. ते मोजायचे. शिवाय अंडाशयावरचे पिवळे ठिपके मोजायचे, म्हणजे बीजे किती सुटली होती ते कळते. बीजे दहा आणि मणी शून्य, तर औषधाने काहीतरी केले. पहिल्या पाच दिवसांत दिलेल्या औषधाने केले तर त्याने गर्भ रुजू दिला नाही, आणि सातव्या दिवसानंतर दिलेल्याने केले तर रुजलेला पाडला. हकिमांच्या 'मुदिर्र' शब्दाने झाकलेली रेघ इथे दिवसांच्या हिशेबाने उघडी पडते. वर्तमानपत्रांत मात्र दोन्हींची बातमी 'गर्भनिरोधक वनस्पती सापडली' अशीच येते. ज्या घरात ही रेघ श्रद्धेचा प्रश्न आहे त्या घराला एवढे सांगणे पुरेसे नाही.

सुदाबची पाळी १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. हाँगकाँगच्या संशोधकांनी १९८९ मध्ये त्यातून चॅलेपेन्सिन नावाचे द्रव्य वेगळे केले आणि ते उंदरीच्या गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर काम करते असे दाखवले. विषारीपणाही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये सुदाबचे निरनिराळे भाग आणि अर्क उंदरींना संबंधानंतर पहिल्या दहा दिवसांत दिले. गर्भधारणा लक्षणीय कमी झाली. इथवर हकीम जिंकले असे वाटते. पण त्यांनी तोच प्रयोग हॅमस्टरवर केला. हॅमस्टरच्या माद्यांवर सुदाबचा असर झाला नाही. त्यांना गर्भ राहिले.

हा हॅमस्टरही आपल्याच मुलखाचा म्हणायचा. जगातल्या प्रयोगशाळांतले जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर १९३० मध्ये सीरियात हलब शहराजवळ, जमिनीखालच्या बिळातून खणून काढलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले आहेत. ज्या हलबच्या बाजारात सुदाब शतकानुशतके विकला गेला, त्याच हलबच्या या छोट्या जनावराने सुदाबला दाद दिली नाही.

उंदीर आणि हॅमस्टर दिसायला भाऊबंद, मग हा फरक का? अशा फरकाचे एक कारण चांगले माहीत आहे. उंदरीत गर्भ रुजायचा तर ऐनवेळी अंडाशयातून इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची एक लहानशी लाट यावी लागते. ती लाट जरा बिघडवली की गर्भ चिकटत नाही. हॅमस्टर आणि गिनीपिग यांना त्या लाटेची गरज नसते, त्यांचे काम प्रोजेस्टेरॉनवर भागते. म्हणून इस्ट्रोजेनसारखी वागणारी किंवा त्याला अडवणारी कितीतरी द्रव्ये उंदरीवर सहज जिंकतात आणि पुढच्या पिंजऱ्याशी हरतात. लखनौला हिंगाच्या जातीतल्या एका हिमालयी वनस्पतीतून १९८० च्या दशकात 'फेरुजॉल' मिळाले. अगदी थोड्या मात्रेत उंदरींची गर्भधारणा त्याने थांबवली, गिनीपिगवर मात्र ते निष्प्रभ ठरले, आणि त्याच्यात इस्ट्रोजेनचा गुण भरपूर निघाला. वनस्पतींच्या यादीत 'उंदरावर परिणामकारक' असा शेरा मिळालेली नावे पुष्कळ आहेत. ती यादी वाचताना मला दर वेळी सिंह आणि घोडा आठवतात.

याचा अर्थ उंदरावरचे प्रयोग निरुपयोगी असा घ्यायचा नाही. सरकीची गोष्ट पाहा. चीनच्या जिआंग्सू प्रांतात कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या एका गावात मुले होईनाशी झाली अशी नोंद १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. शोध घेता सरकीतले गॉसिपॉल हे द्रव्य पुरुषाचे शुक्रजंतू थांबवते असे दिसले. उंदीर, हॅमस्टर आणि माकड यांच्यावर ते चालले, सशावर चालले नाही. १९७० च्या दशकात चीनने ते माणसांना द्यायला सुरुवात केली, आठ हजारांहून अधिक पुरुषांना. इथे सातवी अट पुरी झाली आणि औषध खरोखर गुणकारी निघाले. पण काही जणांच्या रक्तातले पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडले, आणि काहींचे शुक्रजंतू औषध थांबवल्यावरही परत आले नाहीत. १९८६ मध्ये चीनने हे काम आवरले. उंदराने गुण सांगितला होता, किंमत माणसालाच कळली. (आपण खातो ते शुद्ध केलेले सरकीचे तेल वेगळे, त्यातून हे द्रव्य काढून टाकलेले असते. कोणी घाबरू नये.)

सुदाबची किंमतही माणसांनीच मोजली आहे, आणि तीही प्रयोगाबाहेर. स्पॅनिश लोकांबरोबर हे झाड दक्षिण अमेरिकेत गेले आणि तिथे 'रुदा' म्हणून घराघरांत रुजले, बायकांमधल्या त्याच कुजबुजीसकट. उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या विषबाधा केंद्राने १९८६ ते १९९९ या काळातल्या नोंदी तपासल्या. गर्भ पाडण्यासाठी वनस्पतींचे काढे प्यालेल्या स्त्रियांबाबत केंद्राकडे आलेली ती ८६ प्रकरणे होती, आणि त्यांत रुदाचे नाव वारंवार येत होते. काहींचे यकृत, मूत्रपिंड असे अवयव एकापाठोपाठ निकामी झाले, काही दगावल्या. कायद्याची भीती, घरातल्यांची भीती, डॉक्टरचा खर्च, यांतले काही ना काही प्रत्येकीच्या मागे असणार. उंदरीला मात्रा तोलून दिली जाते. या बायका मुठीने पाने उकळत होत्या.

आपल्याकडेही कोणी सतापाकडे त्या हेतूने पाहत असेल तर तिला हे कळायला हवे, आणि ते तिच्या भाषेत, तिच्या मोहल्ल्यात कळायला हवे. सुदाब हजार वर्षे ग्रंथात आहे हे खरे, उंदरीवर चालला हेही खरे. सुरक्षित गर्भनिरोधक म्हणून बाईच्या शरीरावर तो आजवर सिद्ध झालेला नाही. ओल्या पानांचा रस अंगाला लागून वर ऊन पडले तर कातडीवर फोड उठतात, एवढा हा तिखट जीव आहे.

लखनौच्या त्या छत्तर मंझिलमधून एक गोळी मात्र बाहेर पडली. ती कोणत्याही जडीबुटीतून आलेली नाही, रसायनशाळेत बनवलेल्या सेंटक्रोमॅन या द्रव्याची आहे. तीही इस्ट्रोजेनच्या वाटेवरच अडथळा आणते, आणि तिचीही पहिली परीक्षा उंदरींवरच झाली. पण ती तिथे थांबली नाही. पुढच्या जनावरांवरून ती स्त्रियांपर्यंत आली, वर्षानुवर्षे तपासली गेली आणि १९९१ मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आली. २०१६ मध्ये सरकारने तिला 'छाया' नाव देऊन कुटुंबनियोजन कार्यक्रमात घेतले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी सरकारी केंद्रात पैसे न देता मिळते. ती गर्भ रुजण्याच्या पायरीवर काम करते, तेव्हा गझालींच्या रेघेचा प्रश्न तिच्याबाबतही विचारता येतो, आणि ज्यांना तो महत्त्वाचा वाटतो त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावा. फक्त विचारताना 'मुदिर्र'सारखा आडोशाचा शब्द न वापरता गोळी कोणत्या दिवशी काय करते ते आधी नीट सांगावे.